पाळीव कासव, इग्वाना, पायथन यांच्या किरकोळ जखमा: गोव्यातल्या घरात काय करावं, काय टाळावं

पाळलेल्या कासवाच्या पायावर जखम दिसली की आपल्याकडे एक हात हळदीच्या डब्याकडे जातो आणि दुसरा डेटॉलच्या बाटलीकडे. दोन्ही नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगची ऊब नसते. पचन, रोगाशी झुंजणं, नवी कातडी धरणं, हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. म्हणून गार, ओलसर पेटीतल्या इग्वानाला फार्मसीतलं सर्वांत महाग मलम लावलं तरी जखम तशीच राहते, आणि नीट तापलेल्या, स्वच्छ, कोरड्या पेटीत नुसत्या सलाईनने धुतलेली जखम हळूहळू भरून येते. या लेखात मलमापेक्षा पेटीबद्दल जास्त लिहिलंय ते त्यासाठीच.

गोव्यात हे आणखी जपावं लागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या भिंतीही पाझरतात, धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बुरशीला हवं ते सगळं हजर असतं.

आधी प्राणी कोणता ते बघा

खाली लिहिलेलं सगळं पाळीव परदेशी प्राण्यांसाठी आहे: फिशटँकच्या दुकानांतून घरोघर पोचलेलं लाल कानांचं स्लायडर कासव, हिरवा इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको हे सरडे आणि बॉल पायथन हा साप.

शेतात किंवा विहिरीत सापडलेलं मऊ पाठीचं कासव, तारांकित कासव, घोरपड किंवा अंगणात आलेला साप यांच्यासाठी हा लेख नाही. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं असं जुनी माणसं सांगतात, पण मऊ पाठीचं कासव, तारांकित कासव आणि घोरपड ही तिन्ही वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळता येत नाहीत, आणि बरी होईपर्यंत म्हणून ठेवून घेतलीत तरी ते बेकायदाच. असा प्राणी जखमी दिसला तर वनखात्याला फोन करा आणि त्यांची माणसं येईपर्यंत कुत्री-मांजरं लांब ठेवा. सापाला तर हात लावूच नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, आणि जखमी साप जास्त बिथरलेला असतो.

बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हे साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते आणि ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. हे काम करून ठेवा. कागद जवळ असले की व्हेटकडे (पशुवैद्याकडे) जाताना मनात धाकधूक राहत नाही, आणि जखमी प्राण्याला घेऊन निघताना तुम्ही कचरत नाही.

घरी सांभाळायची जखम कुठली

नवखा माणूस इथेच गोंधळतो. जखम लहान दिसते म्हणजे ती किरकोळ असते असं नाही. मांजराच्या दाताचं टाचणीएवढं भोक दिसायला काहीच नसतं, पण दात आत खोल गेलेला असतो आणि त्यातून जंतू थेट मांसात उतरतात. कुत्र्या-मांजराचा चावा असेल तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी व्हेट गाठायचा. यात घरगुती उपायाला जागाच नाही.

घरी सांभाळता येतात त्या जखमा अशा: कातडीचा वरचा थर खरचटलेला, नखाचं टोक तुटलेलं, काचेवर घासून नाकाचं टोक सोललेलं, सोबतच्या कासवाने पायाला काढलेला उथळ ओरखडा, कवचावरची वरवरची पांढरी रेघ, गेकोची गळालेली शेपटी. रक्त थांबलेलं आहे, आत मांस किंवा हाड दिसत नाही, प्राणी हालचाल करतोय, डोळे उघडे आहेत, खातोय. एवढं जुळलं तर घरी सुरुवात करायला हरकत नाही.

कवचाला तडा गेला असेल, भाजलं असेल, जखम डोळ्याजवळ, तोंडात किंवा शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलद्वारापाशी असेल, घाण वास येत असेल, बोट काळं पडलं असेल, अळ्या दिसल्या असतील, प्राणी तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच लालसर दिसू लागलं असेल, तर थांबू नका. ही शेवटची खूण लोक हमखास चुकवतात, कारण कासवाला उलटं करून कुणी बघत नाही. तो लालसरपणा म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनल्याचं लक्षण असू शकतं.

रक्ताचा अंदाज कसा घ्यायचा? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगात वजनाच्या साधारण ५ ते ८ टक्के रक्त असतं. १०० ग्रॅमच्या पिल्लू कासवात म्हणजे ५ ते ८ मिलिलीटर, एक-दीड चमचा. त्यातला दहावा हिस्सा गेला तर ते सोसतं. म्हणजे अर्धा-पाऊण मिलिलीटर, दहा-पंधरा थेंब. एवढ्याशा जिवाच्या बाबतीत फरशीवर सांडलेलं थोडंसं रक्तसुद्धा खूप असतं. १० मिनिटं दाबून धरूनही ते थांबत नसेल तर गाडी काढा.

घरात आधीच आणून ठेवायचं सामान

जखम झाल्यावर फार्मसी शोधत फिरायची वेळ येऊ नये. निर्जंतुक नॉर्मल सलाईनची बाटली, निर्जंतुक गॉझ (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड), सुई नसलेल्या १० मिलिलीटरच्या दोन-तीन सिरिंज, पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण, हातमोजे, बोथट टोकाचा चिमटा आणि स्वयंपाकघरातला वेगळा डिजिटल वजनकाटा, जो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. कापूस आणू नका. त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि खपलीत रुतून बसतात. सलाईन संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा. काट्यावर मोजा, चिमटीने नको. हे द्रावण रोज ताजं करायचं.

आयोडीनच्या बाटलीवरचा टक्का वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडे ५ टक्के आणि १० टक्के अशी दोन्ही द्रावणं मिळतात. जखमेसाठी साधारण अर्धा ते एक टक्का लागतो. १० टक्क्यांचं असेल तर एक भाग औषधाला १० ते २० भाग सलाईन, ५ टक्क्यांचं असेल तर एक भागाला ५ ते १०. रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा आला की बरोबर. गडद ठेवलं की लवकर बरं होईल हा गैरसमज आहे. गडद आयोडीन नव्या येणाऱ्या पेशीच मारतं. आणि ‘स्क्रब’ लिहिलेली बाटली घेऊ नका, त्यात साबण असतो.

सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम, जे माणसांच्या भाजण्यावर देतात, ते सरपटणाऱ्या प्राण्यांनाही चालतं आणि व्हेट बऱ्याचदा तेच सुचवतात. एकदा व्हेटला विचारून ठेवलंत की घरात असलेलं बरं.

आता काय लावायचं नाही ते. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चुना, खोबरेल तेल, टाल्कम पावडर, कसलीही जंतुनाशक पावडर. पावडरीचे गोळे होतात आणि खाली जखम ओली राहते. तेलाने खवल्यांखाली मळ धरतो. सुन्न करणारं औषध मिसळलेलं मलमही नको. नळीवर मागे लिडोकेन किंवा बेंझोकेन लिहिलंय का ते पाहा. गुरांच्या जखमेतले किडे काढायला वापरतात ते टर्पेंटाइन आणि फवारे गोठ्यातच राहू द्या. आयव्हरमेक्टिन हे गुरांना आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं जंतनाशक कासवाला जीवघेणं ठरतं, त्यामुळे ‘आमच्या कुत्र्याला हेच दिलं होतं’ असं कुणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी ऐकू नका. माणसाच्या वेदनाशामक गोळीचा चतकोर तुकडासुद्धा द्यायचा नाही.

जखम धुण्याची रीत

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा, मोजे घाला. सगळं सामान उघडून हाताशी मांडून मगच प्राण्याला उचला. प्राणी एका हातात आणि दुसऱ्या हातातलं गॉझचं पाकीट दाताने फाडतोय, अशी कसरत नको.

धरायची रीत जातीनुसार बदलते. स्लायडरला मागच्या बाजूने, मागच्या दोन पायांच्या पुढे कवचाच्या दोन्ही कडांना धरा. मान लांब होते आणि चावा जोराचा असतो, नखंही ओरबाडतात. इग्वानाला टॉवेलात गुंडाळून फक्त जखमेचा भाग बाहेर ठेवा आणि शेपटी काखेखाली घ्या, कारण तिचा फटका चाबकासारखा बसतो. सापाचं अंग दोन-तीन ठिकाणी आधार देऊन धरायचं आणि त्यासाठी दुसरा माणूस हवाच. कुठल्याही सरड्याला शेपटीने धरायचं नाही.

रक्त येत असेल तर गॉझची घडी ठेवून सलग ५ ते १० मिनिटं दाबा. दर मिनिटाला उचलून बघायचा मोह होतो, पण तसं केलं की नुकतीच धरलेली गुठळी निघते. घड्याळ लावून दाबा.

रक्त थांबल्यावर सिरिंजमध्ये कोमट सलाईन भरा आणि जखमेवर तिरक्या धारेने सोडा. फ्रिजमधली बाटली तशीच वापरू नका. गार पाण्याने प्राण्याचं अंग आणखी थंडावतं. वाळूचा कण, मातीचा थर, सुटलेला तंतू धारेबरोबर निघून जायला हवा. न निघालेला कण ओल्या गॉझने एकदाच, आतून बाहेरच्या दिशेने टिपा. घासायचं नाही. खपली धरली असेल तर ती नखाने उचकटायची नाही. तिच्याखालीच नवी कातडी तयार होत असते.

मग पातळ केलेलं आयोडीन गॉझवर घेऊन जखमेवर हलकंच टेकवा, दोन-तीन मिनिटं राहू द्या, सलाईनने पुन्हा एकदा धुवा आणि कोरड्या गॉझने टिपून घ्या. मळ धुतल्याशिवाय आयोडीन लावून उपयोग नाही, कारण रक्त आणि घाण यांच्यावरच त्याचा जोर खर्च होतो. आयोडीन पहिले दोन-तीन दिवस पुरे, दिवसातून एकदा. पुढे नुसतं सलाईन. मलम लावायचंच असेल तर अगदी पातळ थर, खालची कातडी दिसेल इतका. जाड लेप देऊ नका. आणि पट्टी बांधू नका, निदान व्हेटने सांगितल्याशिवाय. घट्ट पट्टीने बोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि सैल पट्टी प्राणी गिळतो.

हे सगळं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करायचं नाही. न्हाणीघरात वेगळी बादली, वेगळा टब. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान कासवं तोंडात घालून मुलं आजारी पडायची म्हणून अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी वडीलधारं माणूस असेल तर त्यांना या कामापासून लांब ठेवा. नातवाला कौतुकाने ‘बघ बघ’ म्हणून जवळ बोलवायची ही वेळ नाही.

पेटी: खरा उपचार इथे आहे

जखमी प्राण्याला नेहमीच्या सजवलेल्या टाकीतून काढा. प्लास्टिकचा मोठा, धुता येईल असा डबा घ्या, तळाला जुनी वर्तमानपत्रं किंवा पांढरे टिश्यू पेपर अंथरा. वाळू, नारळाचा भुसा, लाकडाचा चुरा काही नको. पांढऱ्या कागदाचा आणखी एक फायदा असा की रात्रीत रक्ताचा किंवा पाण्याचा डाग पडला तर सकाळी लगेच दिसतो. कागद रोज बदला, शी केली की लगेच बदला. लपायला एक जागा द्या. नवा पुठ्ठ्याचा खोका चालतो, खराब झाला की टाकून द्यायचा.

तापमान अंदाजाने ठरवू नका. तार असलेला डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. स्लायडरला पाणी २६ ते २८ अंश आणि शेकायची जागा ३२ ते ३५ अंश. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३, दुसरी बाजू २५ ते २७. लेपर्ड गेकोला गरम बाजूचा तळ ३१ ते ३३. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायची जागा ३८ ते ४२. इग्वानाला ३५ ते ३८. पेटीला गरम आणि थंड अशी दोन टोकं हवीतच, कारण प्राणी गरजेप्रमाणे सरकत असतो. सगळी पेटी सारखीच तापवली तर त्याला सुटायला जागा उरत नाही. बल्बला जाळी आणि तापपट्टीला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणारं यंत्र) नसेल तर पुढची जखम भाजल्याची असेल.

‘गोव्यात एवढं उकडतं, बल्ब कशाला?’ हे मी अनेकांकडून ऐकलंय. जुलैतल्या सततच्या पावसात खोलीचं तापमान २५-२६ अंशांवर येतं आणि जानेवारीत सत्तरीकडच्या गावांत रात्री अंगावर जाड पांघरूण लागतं. आपल्याला ते सुखाचं वाटतं. जखम भरून काढणाऱ्या ड्रॅगनला मात्र ते पुरत नाही.

वीज गेली तर घाबरून जाऊ नका. दोन-चार तास खोलीच्या तापमानात राहिल्याने पावसाळ्यातसुद्धा मोठा प्राणी बिघडत नाही. रात्रभर वीज येणार नसेल तर मासळीसाठी वापरतात तसल्या थर्माकोलच्या नव्या, कोऱ्या खोक्याला वर भोकं पाडा, त्यात प्राण्याचा डबा ठेवा आणि शेजारी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. बाटली उघडी अंगाला लागता कामा नये. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंख्याच्या आधी तापपट्टी लावा.

मुंग्या आणि माश्या हा आपल्याकडचा मोठा त्रास. पावसाळ्यात मुंग्या घरात वर चढतात आणि जखमेच्या वासावर येतात. जुन्या घरांत फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तेच इथे करा: डबा स्टुलावर, स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आंब्या-फणसाच्या दिवसांत माश्यांसाठी डब्यावर बारीक जाळी ताणून बांधा. माशीने उघड्या जखमेत अंडी घातली की अळ्या व्हायला एक दिवस पुरतो. अळी दिसली तर चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा, सलाईनची धार सोडा आणि तसेच व्हेटकडे निघा. दिसतात त्याहून जास्त आत असतात.

स्लायडरचा प्रश्न वेगळा, कारण त्याचं घरच पाणी. ओल्या जखमेला कोरडं ठेवायचं, पण कासवाला पाण्याशिवाय गिळता येत नाही. मधला मार्ग असा: जखम धुऊन मलम लावल्यावर त्याला उबदार, कोरड्या डब्यात टॉवेलावर ठेवा, आणि दिवसातून दोनदा तासभर स्वच्छ, उथळ, कोमट पाण्यात सोडा. तिथेच ते खाईल, पिईल, शी करेल. मग टिपून परत कोरड्यात. पिल्लू असेल तर पाण्यातला वेळ वाढवा, ती पटकन सुकतात. त्यांना रात्रभर कोरडं ठेवू नका. पाणी नळाचं असेल तर बादलीत दिवसभर उघडं ठेवून वापरा म्हणजे क्लोरीन उडून जातं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असतं, ते उघड्या जखमेला नको.

आणि डबा शांत खोलीत ठेवा. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, बाहेर फटाके असतात. त्या दिवसांत प्राण्याला मागच्या खोलीत हलवून दार लावून घेणं हेही औषधच आहे.

नेहमी दिसणाऱ्या काही जखमा

नाकाचं टोक सोलवटणं. इग्वाना आणि ड्रॅगन काचेतून बाहेर जायचा प्रयत्न करत तोंड घासत राहतात. मलम लावाल, पण घासणं चालू असेल तर जखम कधीच भरणार नाही. काचेच्या खालच्या पट्ट्याला बाहेरून गडद कागद चिकटवा, लपायच्या जागा वाढवा आणि पेटी लहान पडतेय का याचा प्रामाणिकपणे विचार करा.

गळालेली शेपटी. गेको आणि लहान इग्वाना घाबरल्यावर शेपटी सोडून देतात. तुटलेला तुकडा वळवळत राहतो आणि घरातली मंडळी किंचाळतात, पण रक्त फारच थोडं येतं. इथे मलमही नको. कागदावर एकट्याला ठेवा, टोक रोज बघा, खाणं थोडं वाढवा, कारण लेपर्ड गेकोची चरबी त्या शेपटीत साठलेली असते. त्याला नवी शेपटी येते, जरा जाड आणि वेगळ्या आकाराची. क्रेस्टेड गेकोला नवी येत नाही आणि तो तसाच व्यवस्थित जगतो. बिअर्डेड ड्रॅगन शेपटी सोडत नाही. त्याची तुटली असेल तर ती दुखापत आहे, व्हेटकडे न्या.

तुटलेलं नख. कॉर्नफ्लॉवरची चिमूट बोटावर घेऊन नखाच्या टोकाशी दाबून धरा. हे फक्त नखासाठी. उघड्या जखमेत पीठ भरायचं नाही.

कवच. पांढरी रेघ, रक्त नाही, खाली ओलावा नाही: मऊ ब्रशने धुवा आणि सोडून द्या. स्लायडरच्या कवचावरून पातळ पारदर्शक पापुद्रे निघतात ते नैसर्गिक आहे, पण नखाने ओढून काढू नका. मऊ पडलेला, खड्डा झालेला, वास मारणारा डाग म्हणजे कवच कुजायला लागलंय. तड्यावर घरातली एम-सील किंवा फेव्हिक्विक भरणारे लोक असतात. कवच हे जिवंत हाड आहे. वरून बंद केलं की जंतू आत कोंडले जातात आणि बाहेरून सगळं छान दिसत असताना आत सडत राहतं.

उंदराचा चावा. जिवंत उंदीर पेटीत टाकून झोपायला गेलात तर सकाळी पायथनच्या पाठीवर जखमा असू शकतात. भूक नसलेला साप प्रतिकार करत नाही. मेलेला, कोमट केलेला उंदीर चिमट्याने द्या. चाव्याच्या जागी काही दिवसांनी टणक गाठ आली तर ती दाबून फोडू नका. या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ वाहत नाही, घट्ट आणि चुरा होणारा असतो, पिळून निघत नाही. ती गाठ व्हेटला चिरून साफ करावी लागते.

भाजणं. तापलेल्या दगडावर किंवा बल्बला टेकून भाजतं तेव्हा पहिल्या दिवशी फक्त खवले फिके दिसतात, खरं नुकसान काही दिवसांनी उघडं पडतं. लगेच १० मिनिटं साध्या पाण्याची हलकी धार धरा, बर्फ नको, आणि व्हेटकडे न्या.

पावसाळ्यात सापाच्या पोटाखाली दिसणारे पाणीदार फोड ओल्या अंथरणामुळे येतात. ते फोडू नका, पेटी कोरडी करा, व्हेटला दाखवा.

बोटाभोवती अडकलेली कात. ती दोऱ्यासारखी आवळत जाते आणि बोट सुजतं. कोमट, उथळ पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, ओल्या गॉझने हलकेच फिरवा. निघाली तर ठीक, नाहीतर उद्या पुन्हा. ओढाल तर खालची नवी कातडीही येईल.

पुढचे आठवडे

रोज एकाच वेळी, एकाच उजेडात फोटो काढा आणि जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही, नाण्याशी ताडून मात्र कळतो. आठवड्यातून एकदा वजन घ्या. सापाला खायला दिल्यावर दोन दिवस हात लावू नका, धुणंही त्याच हिशेबाने आधी उरका.

घाई करू नका. कुत्र्याची जखम आठवड्यात भरते, इथे आठवडेच्या आठवडे जातात. व्हेट या प्राण्यांचे टाके सहसा चार ते सहा आठवडे ठेवतात, यावरून अंदाज घ्या. कवचाला तर कित्येक महिने लागतात. कात पडेल तेव्हा जखमेच्या जागी ती अडकेल, थोडी भिजवावी लागेल. दर कातीबरोबर व्रण जरा फिका होत जातो. मात्र आठवड्याभरात जखम निदान कोरडी आणि लहान दिसायला हवी. ती ओली राहिली, कडा सुजल्या, रंग हिरवट-पिवळा झाला किंवा खाणं बंद झालं, तर घरचा उपचार तिथे थांबवा.

सरपटणारे प्राणी तपासणारे व्हेट गोव्यात मोजकेच आहेत. ते जखम होण्याच्या आधी शोधून ठेवा. तुमच्या नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या व्हेटला विचारा, पणजीत टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात फोन करून चौकशी करा, आणि नंबर पेटीवर चिकटवा. पेडण्याहून किंवा काणकोणहून निघायचं असेल तर पोचायलाच वेळ जातो, म्हणून नेण्याची तयारीही हवी. कासव कोरड्या डब्यात किंचित ओलसर टॉवेलावर न्या, डब्यात पाणी भरून नाही. साप स्वच्छ उशीच्या अभ्र्यात, अभ्रा गाठ मारून डब्यात. स्कूटरच्या पुढे उन्हात टांगून नेऊ नका, आणि बंद गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून उतरू नका. सोबत जखमेचे फोटो, वजनाची नोंद आणि आतापर्यंत काय काय लावलं त्याची यादी न्या.

खपली आपोआप पडली, खाली कोरडी, बंद कातडी दिसली की प्राणी नेहमीच्या टाकीत परत जाऊ शकतो. त्याआधी टाकी रिकामी करून घासा, धारदार दगड आणि फाटकी जाळी काढा, पाणी पूर्ण बदला. दुसऱ्या कासवाने चावून जखम झाली असेल तर त्या दोघांना पुन्हा एकत्र ठेवू नका. मोठी टाकी घेतली तरी भांडण मिटेल याची खात्री नसते. दोन टाक्या ठेवायला जागा नसेल तर एकासाठी माहीतगार माणूस शोधा. तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि इथल्या मऊ पाठीच्या कासवाला त्याच पाण्यात राहायचं आहे.